काचबिंदूवरील अल्प-छेद शस्त्रक्रिया: दाब किती उतरतो आणि तो कोणाला पुरतो?

नेत्रपल्लवी

“डॉक्टर, ती स्टेंट बसवण्याची छोटी शस्त्रक्रिया माझ्या डोळ्यात होईल का?” हा प्रश्न मला आता जवळजवळ रोज विचारला जातो. विचारणारी व्यक्ती बहुधा दोन-तीन प्रकारचे थेंब वर्षानुवर्षे घालून थकलेली असते, थेंब टिकावेत म्हणून घातलेल्या परिरक्षक द्रव्यामुळे तिचे डोळे सतत लाल होत असतात आणि ट्रॅबेक्युलेक्टमी या मोठ्या शस्त्रक्रियेच्या नावाची तिला धास्ती बसलेली असते. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर स्टेंटच्या, म्हणजे पाण्याची वाट उघडी ठेवणाऱ्या सूक्ष्म तुकड्याच्या, नावावरून मिळत नाही. त्या डोळ्याच्या नसेला आणखी नुकसान होऊ नये म्हणून किती खालचा दाब लागतो, या एका आकड्यावरून ते मिळते. मी काचबिंदूच्या शस्त्रक्रिया करते, कोणत्याही उपकरणाच्या उत्पादकाशी माझा आर्थिक संबंध नाही, आणि रुग्णांना दहा मिनिटांत जे नीट सांगता येत नाही ते येथे सविस्तर लिहिते आहे.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक पारदर्शक पाणी सतत तयार होत असते. परितारिकेच्या, म्हणजे बाहुलीभोवतालच्या रंगीत पडद्याच्या, मागची सिलियरी बॉडी ते मिनिटाला साधारण २ ते ३ मायक्रोलिटर या गतीने स्रवते, ते बाहुलीतून पुढे येते, आणि कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) व परितारिका जेथे मिळतात त्या कोनातून बाहेर पडते. या कोनात ट्रॅबेक्युलर मेशवर्क नावाची सच्छिद्र जाळी आहे. जाळीच्या पलीकडे डोळ्याला वळसा घालणारा श्लेम कालवा आहे, ज्याचे वर्णन फ्रीडरिश श्लेम या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने १८३० साली केले, आणि कालव्यातून निघणाऱ्या बारीक वाहिन्या हे पाणी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील शिरांमध्ये नेऊन सोडतात. थोडे पाणी या वाटेने न जाता सिलियरी स्नायूच्या तंतूंमधून मागे झिरपते. उघड्या कोनाच्या काचबिंदूत अडथळा मुख्यतः जाळीच्या त्या शेवटच्या थरात असतो, जो कालव्याच्या भिंतीला चिकटलेला आहे. पाणी नेहमीइतकेच तयार होत राहते, निचरा मात्र मंदावतो, आणि वाढलेला दाब डोळ्याच्या नसेचे तंतू हळूहळू मारतो.

१९६८ साली केर्न्स यांनी वर्णन केलेली ट्रॅबेक्युलेक्टमी या सगळ्या वाटा बाजूला ठेवून डोळ्याच्या भिंतीत झडपेसारखी नवी वाट काढते. पाणी पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाखाली जमते, तेथे एक फुगवटा तयार होतो, त्याला आम्ही ब्लेब म्हणतो. दाब खूप खाली नेण्याची या शस्त्रक्रियेची क्षमता आजही वादातीत आहे. परंतु दाब प्रमाणाबाहेर उतरणे, ब्लेब गळणे, जखम भरून येताना वाट बुजणे आणि अनेक वर्षांनंतरही जंतुसंसर्ग होणे, हे तिचे धोके आहेत. म्हणूनच सौम्य किंवा मध्यम आजाराच्या रुग्णाला ती सुचवताना सर्जनचा हात आखडतो आणि रुग्ण थेंबांवर रेंगाळत राहतो.

थेंब आणि ट्रॅबेक्युलेक्टमी (थोडक्यात ट्रॅब) यांच्या मधली ही मोठी पोकळी भरण्यासाठी ज्या पद्धती आल्या, त्यांना कॅनडातील सर्जन आयक अहमद यांनी एकत्रितपणे मिग्स, म्हणजे काचबिंदूवरील अल्प-छेद शस्त्रक्रिया, हे नाव दिले. आतून, म्हणजे कॉर्नियातील सूक्ष्म छेदातून काम करणे, ऊतींना कमीत कमी इजा करणे, दाब अर्थपूर्ण प्रमाणात उतरवणे, धोके फार कमी ठेवणे आणि रुग्ण लवकर बरा होणे, अशी तिची व्याख्या केली गेली. यातला “अर्थपूर्ण प्रमाणात” हा शब्दप्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ते प्रमाण डोळ्यागणिक वेगळे असते.

बहुतेक मिग्स पद्धती जाळीचा अडथळा ओलांडून पाणी थेट श्लेम कालव्यात पोचवतात. आयस्टेंट हा टायटेनियमचा, जेमतेम १ मिलिमीटर लांबीचा तुकडा २०१२ मध्ये अमेरिकेत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसोबत वापरण्यास मान्य झाला. त्याची पुढची आवृत्ती, आयस्टेंट इंजेक्ट, आणखी लहान आहे. तिच्यात प्रत्येकी ०.३६ मिलिमीटरचे दोन स्टेंट एकाच साधनाने बसवले जातात. हायड्रस हा नायटिनॉल या लवचीक मिश्रधातूचा ८ मिलिमीटरचा वक्र स्टेंट कालव्याच्या सुमारे चौथ्या हिश्श्यात शिरतो आणि तेवढा भाग आतून उघडा धरून ठेवतो. दुसऱ्या काही पद्धतींत डोळ्यात काहीच ठेवले जात नाही: जाळीची पट्टी दुधारी सूक्ष्म पात्याने सोलून काढली जाते, किंवा टाक्याचा बोथट टोकाचा दोरा अथवा सूक्ष्म कॅथेटर कालव्यातून पूर्ण फिरवून जाळी आतून उघडली जाते. या शेवटच्या पद्धतीला गॅट म्हणतात आणि तिचे वर्णन २०१४ साली प्रसिद्ध झाले. कल्पना मात्र जुनी आहे. जन्मजात काचबिंदू असलेल्या बाळांच्या डोळ्यांत जाळीला आतून छेद देण्याचे काम ओट्टो बार्कन यांनी १९३० च्या दशकातच करून दाखवले होते.

आता मर्यादा. कालवा शेवटी ज्या शिरांमध्ये रिकामा होतो, त्या शिरांचा स्वतःचा दाब साधारण ८ ते १० मिलिमीटर पारा असतो. नळीचे तोंड कितीही मोठे केले तरी विहिरीतल्या पातळीच्या खाली टाकी उतरत नाही, तसेच हे आहे. त्यात कालव्यापुढच्या वाहिन्यांचा अडथळा मिळवला की कालव्यावर केलेल्या शस्त्रक्रियेनंतर दाब बहुधा १५ च्या आसपास स्थिरावतो. ज्या नसेला १५ किंवा १६ पुरेसे आहे, तिच्यासाठी ही उत्तम शस्त्रक्रिया आहे. जिला ११ हवेत, तिच्यासाठी ही शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही अपुरी ठरते.

उंबरठा

लेख दोनदा वाचला आणि प्रथमच माझ्या आजारात नेमके काय तुंबले आहे ते समजले. माझे वय ६४ आहे. दोन्ही डोळ्यांत उघड्या कोनाचा काचबिंदू असल्याचे मला आठ वर्षांपूर्वी सांगण्यात आले आणि तेव्हापासून मी तीन प्रकारचे थेंब घालते. आता उजव्या डोळ्यात मोतीबिंदूही वाढला आहे. त्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळीच स्टेंट बसवून घ्यावा, म्हणजे थेंबांतून सुटका होईल, असे माझ्या मनाने घेतले आहे. ही अपेक्षा वाजवी आहे का?

नेत्रपल्लवी

उंबरठा, आपली अपेक्षा वाजवी आहे, पण तिची खात्री देता येत नाही. हायड्रसच्या होरायझन या चाचणीतील आकडे पाहण्यासारखे आहेत, कारण त्यात रुग्णांचा पाठपुरावा ५ वर्षे झाला. सौम्य ते मध्यम काचबिंदू असलेल्या ५५६ रुग्णांपैकी काहींची केवळ मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तर काहींची मोतीबिंदूसोबत स्टेंटचीही. ५ वर्षांनंतर स्टेंट असलेल्या गटातील ६६ टक्के डोळे थेंबांविना होते, तर स्टेंट नसलेल्या गटातील ४६ टक्के. पुढे मोठी शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण पहिल्या गटात २.४ टक्के आणि दुसऱ्यात ६.२ टक्के होते. हा दुसरा फरक मला अधिक मोलाचा वाटतो. थेंब सुटणे ही सोय आहे, मोठी शस्त्रक्रिया टळणे हे त्याहून जास्त काही आहे.

मात्र आपण तीन थेंबांवर आहात, तेव्हा निर्णय घेण्यापूर्वी दोन गोष्टी कळायला हव्यात: आपल्या दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत किती भाग गेलेला आहे, आणि गोनिओस्कोपीत, म्हणजे खास भिंगातून केलेल्या कोनाच्या तपासणीत, कोन खरोखर पूर्ण उघडा दिसतो का.

काटकोन

माझा व्यवसाय आकडेवारी तपासण्याचा आहे, आणि येथे एक गोष्ट ठळकपणे मांडली जावी असे मला वाटते. आपण दिलेल्या आकड्यांतच असे दिसते की स्टेंट न बसवलेल्या ४६ टक्के रुग्णांचेही थेंब सुटले. याचा अर्थ दाब उतरवण्याचे बरेचसे श्रेय मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेलाच जाते. याच चाचणीत २ वर्षांनी, औषधे पूर्ण थांबवून मोजलेला दाब २० टक्के किंवा अधिक उतरलेल्यांचे प्रमाण स्टेंटच्या गटात ७७.३ टक्के होते आणि नुसत्या मोतीबिंदूच्या गटात ५७.८ टक्के. वजाबाकी केली तर पाच जणांना स्टेंट बसवल्यावर साधारण एकाला असा लाभ होतो, जो त्याला अन्यथा झाला नसता. आयस्टेंट इंजेक्टच्या चाचणीत हेच आकडे ७५.८ आणि ६१.९ होते, म्हणजे साधारण सातांत एक. जाहिरातीत “७७ टक्के रुग्णांना यश” असे छापले जाते, तेव्हा वाचणारा संपूर्ण ७७ टक्के स्टेंटच्या नावावर मांडतो. हे मला गंभीर वाटते.

नेत्रपल्लवी

काटकोन यांचा मुद्दा पूर्णपणे बरोबर आहे आणि मी स्वतः रुग्णांना तो सांगते. डोळ्याचे नैसर्गिक भिंग वयानुसार जाड होत जाते. ते काढून पातळ कृत्रिम भिंग बसवले की कोन थोडा रुंदावतो आणि निचरा सुधारतो. दाब जास्त असलेल्या पण अजून काचबिंदू न झालेल्या रुग्णांच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दाब सरासरी १६.५ टक्के उतरल्याचे आढळले होते.

तरीही मी पाचांत एक या प्रमाणाला क्षुल्लक म्हणणार नाही. मोतीबिंदूसाठी छेद घेतलेलाच आहे, डोळा उघडलेलाच आहे, आणि त्यात काही मिनिटांची भर घालून हा लाभ मिळत असेल, शिवाय अतिरिक्त धोका अगदी कमी असेल, तर हिशेब अनुकूल आहे. मोतीबिंदू नसलेल्या डोळ्यात केवळ स्टेंटसाठी शिरताना हाच हिशेब पुन्हा मांडावा लागतो. तेथे एसएलटी ही लेझर प्रक्रिया आधी विचारात घ्यावी, असे माझे मत आहे. ब्रिटनमधील लाइट या चाचणीत नव्याने निदान झालेले ७१८ रुग्ण होते. सुरुवातीलाच लेझर केलेल्या रुग्णांपैकी ७४ टक्के रुग्णांना ३ वर्षांनंतर थेंबांची गरज नव्हती. ६ वर्षांच्या अखेरीस लेझरच्या गटातील १३ डोळ्यांवर, तर थेंबांच्या गटातील ३२ डोळ्यांवर ट्रॅबेक्युलेक्टमी करावी लागली. लेझरमध्ये डोळा उघडावाच लागत नाही.

सावलीचे झाड

मी थोडा वेगळा अनुभव सांगतो. चार वर्षांपूर्वी माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदूसोबत कालव्याचा स्टेंट बसवला गेला. पहिले दीड वर्ष एकही थेंब लागला नाही आणि मी मनोमन आजार संपल्याचे ठरवून टाकले. तपासणीच्या तारखा चुकवू लागलो. शस्त्रक्रिया झाली त्या ठिकाणाहूनही “आता काळजी नाही” एवढेच सांगितले गेले होते. पुढे दहा महिन्यांनी गेलो तेव्हा दाब २३ होता आणि दृष्टिक्षेत्रात वरच्या बाजूला एक नवा काळा डाग आलेला होता. आता पुन्हा दोन थेंब चालू आहेत. स्टेंट जागेवरच आहे आणि तो उघडा दिसतो, असे नव्या डॉक्टरांनी सांगितले. मग दाब वाढला कसा, हे मला आजही नीट उमगलेले नाही.

नेत्रपल्लवी

आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. आपल्यासारख्याच कारणाने नजर गमावलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते, कारण ते टळण्यासारखे असते.

स्टेंट उघडा असूनही दाब वाढण्याचे कारण बहुधा स्टेंटच्या पुढे असते. कालव्यात पाणी पोचले तरी ते कालव्यातून सर्व बाजूंना सारखे वाहत नाही. निचऱ्याच्या वाहिन्या डोळ्याच्या नाकाकडील भागात अधिक असतात आणि बऱ्याच काळापासून काचबिंदू असलेल्या डोळ्यांत त्यांतल्या काही आकसलेल्या असतात. स्टेंट ज्या ठिकाणी आहे तेथील वाहिन्या क्षीण असतील तर उपयोग मर्यादित राहतो. वयाबरोबर उरलेली जाळीही अधिक निकामी होत जाते. उपकरण बसले म्हणजे आजार थांबला असे होत नाही, निचऱ्याचा एक अडथळा तेवढा दूर होतो.

आपण तपासण्या चुकवल्या याचा दोष केवळ आपल्यावर नाही. “आता काळजी नाही” हे वाक्य काचबिंदूच्या रुग्णाला कोणीही कधीही सांगू नये. गेलेले दृष्टिक्षेत्र परत येत नाही आणि सुरुवातीचे नुकसान रुग्णाला स्वतःला जाणवत नाही, कारण दुसरा डोळा ती उणीव भरून काढतो.

पायवाट

माझ्या आईवर गॅट झाली होती आणि त्याविषयी कोणी फारसे लिहीत नाही म्हणून नोंद करते. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा तिला समोर लाल धुक्याखेरीज काहीच दिसेना. आम्ही सगळे घाबरून गेलो. डॉक्टरांनी आधी कल्पना दिलेली होती, पण ऐकणे वेगळे आणि आईला हात पुढे करून चाचपडताना पाहणे वेगळे. तिला डोके उंच ठेवून झोपायला आणि वाकून काही उचलणे टाळायला सांगितले होते. आठ-नऊ दिवसांत धुके विरले. आज तीन वर्षांनी तिचा दाब एका थेंबावर १४ असतो. पूर्वी चार थेंबांवर २४ असे.

नेत्रपल्लवी

कालवा उघडला की शिरांतले थोडे रक्त उलटे पुढच्या कप्प्यात येते, हे या पद्धतीत इतके सर्रास घडते की त्याला मी गुंतागुंतीपेक्षा अपेक्षित टप्पा मानते. एका अर्थाने ते शुभ लक्षण असते, कारण कालव्यापुढची वाट शिरांपर्यंत खुली आहे हे त्यातून कळते. बहुतेकांमध्ये ते एक-दोन आठवड्यांत शोषले जाते. मात्र ज्यांना रक्त पातळ करणारी औषधे थांबवता येत नाहीत, किंवा ज्यांचा दुसरा डोळा आधीच निकामी आहे आणि ज्यांना काही दिवसांचे धूसर दिसणेही परवडणार नाही, त्यांच्यासाठी मी ही पद्धत सहसा निवडत नाही. रक्त पातळ करणारे औषध कोणीही स्वतःच्या मनाने बंद करू नये, ही विनंती येथे आवर्जून करते. त्याचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच व्हायला हवा.

आणखी एक गोष्ट. शस्त्रक्रियेनंतर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या थेंबांनी काही रुग्णांचा दाब दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकाएकी चढतो. शस्त्रक्रिया फसली असे वाटून रुग्ण खचतो, पण स्टेरॉइड कमी केले की दाब उतरतो. त्या आठवड्यांतली तपासणी म्हणूनच टाळायची नसते.

मोजपट्टी

मी प्रवाहशास्त्राचा अभियंता आहे. मूळ लेखात कालव्याच्या स्टेंटांविषयी विस्ताराने लिहिले आहे, परंतु डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या आवरणाखाली पाणी नेणाऱ्या सूक्ष्म नळ्यांचा उल्लेख राहिला आहे. मी वाचले त्यानुसार झेन ही जिलेटिनची नळी ६ मिलिमीटर लांब आणि आतून ४५ मायक्रॉन रुंद आहे, तर प्रिझर्फ्लो ही ८.५ मिलिमीटर लांब आणि ७० मायक्रॉन रुंद आहे. बारीक नळीतील प्रवाहाचा अडथळा लांबीच्या समप्रमाणात वाढतो, पण व्यासाच्या चौथ्या घाताने घटतो. व्यास निम्मा केला तर अडथळा सोळापट होतो. या हिशेबाने प्रिझर्फ्लो अधिक लांब असूनही तिचा अडथळा झेनच्या साधारण चौथाई येतो. मग या दोन नळ्या एकाच उद्देशाने कशा वापरल्या जातात?

नेत्रपल्लवी

फार चांगला प्रश्न. नळीचा स्वतःचा अडथळा पहिल्या काही दिवसांत, म्हणजे जखम ताजी असताना, महत्त्वाचा असतो. तो दाबाला एकदम तळाशी जाण्यापासून रोखतो, आणि ट्रॅबमध्ये हे रोखण्याचे काम सर्जनच्या टाक्यांवर अवलंबून असते. त्यानंतर मात्र सूत्रधार बदलतो. नळीच्या बाहेरच्या टोकाभोवती शरीर जखम भरण्यासाठी तंतू विणू लागते, आणि पुढच्या महिन्यांतला दाब मुख्यतः त्या तंतूंच्या अडथळ्याने ठरतो. म्हणूनच या दोन्ही नळ्यांसोबत मायटोमायसिन हे जखम भरण्याची गती मंदावणारे औषध वापरतात, आणि म्हणूनच झेननंतर बऱ्याच रुग्णांना नीडलिंग करावे लागते, म्हणजे तपासणीच्या वेळी बारीक सुईने ते तंतू सोडवावे लागतात.

मी या नळ्या मूळ लेखात हेतुपुरस्सर बाजूला ठेवल्या होत्या. त्यांतून ब्लेब तयार होतो, त्यामुळे ब्लेबचे आयुष्यभराचे धोकेही त्यांच्यासोबत येतात. प्रिझर्फ्लो तर बाहेरून, आवरण उघडून बसवतात. त्यांना मिग्सच्या व्याख्येत ओढणे मला पटत नाही. त्यांचे स्थान कालव्याचे स्टेंट आणि ट्रॅब यांच्या मध्ये आहे. एका तुलनात्मक चाचणीत १ वर्षानंतर प्रिझर्फ्लोचे यश ५३.९ टक्के आणि ट्रॅबचे ७२.७ टक्के भरले, तर दाब तात्पुरता फार खाली जाण्याचे प्रमाण ट्रॅबमध्ये अधिक होते. कोणते पारडे जड, हे डोळा पाहून ठरते.

काटकोन

सायपास या स्टेंटविषयी आपण काहीच लिहिले नाही. तो बाजारातून मागे घेतला गेला होता ना?

नेत्रपल्लवी

होय, आणि तो इतिहास प्रत्येक सर्जनने ध्यानात ठेवावा असा आहे. सायपास कालव्याऐवजी सिलियरी बॉडीमागच्या फटीत पाणी नेत असे. त्या वाटेवर शिरांच्या दाबाची मर्यादा नाही, म्हणून अपेक्षा मोठी होती. २ वर्षांचे निकाल चांगले आले आणि २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण त्याच रुग्णांना ५ वर्षांपर्यंत तपासत राहिल्यावर असे दिसले की कॉर्नियाच्या आतल्या थरातील पेशी स्टेंट असलेल्या डोळ्यांत सुमारे २० टक्के घटल्या होत्या, तर केवळ मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांत सुमारे १० टक्के. या पेशी कॉर्नियातले पाणी सतत बाहेर काढून तिला पारदर्शक ठेवतात आणि एकदा गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. स्टेंटचे टोक पुढच्या कप्प्यात जितके अधिक डोकावत होते, तितकी घट अधिक होती. उत्पादकाने ऑगस्ट २०१८ मध्ये तो जगभरातून मागे घेतला.

दोन वर्षांच्या कागदावर निर्दोष दिसलेली वस्तू पाचव्या वर्षी दोषी ठरली, हे पाहिल्यापासून मी कोणत्याही नव्या उपकरणाविषयी पहिला प्रश्न पेशींच्या पाचव्या वर्षीच्या मोजणीचा विचारते. ज्यांच्या डोळ्यात सायपास अजून आहे, त्यांनी घाबरून तो काढण्याचा आग्रह धरू नये. पेशींची मोजणी ठरावीक काळाने करून घ्यावी आणि गरज भासल्यास पुढे डोकावणारे टोक कापता येते.

पायवाट

माझ्या मावशीला बंद कोनाचा काचबिंदू आहे. तिलाही स्टेंटचा उपयोग होईल का?

नेत्रपल्लवी

सहसा नाही. कोन बंद असेल तर परितारिका जाळीवर टेकलेली असते. तेथे स्टेंटची जागा दिसणारही नाही आणि तो बसवला तरी परितारिका त्याचे तोंड बुजवील. अशा डोळ्यांत बहुधा मूळ उपाय भिंग काढणे हाच असतो. ईगल या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, बंद कोनाच्या ४१९ रुग्णांपैकी ज्यांचे स्वच्छ भिंगही सुरुवातीलाच काढले, त्यांची स्थिती लेझरने परितारिकेला छिद्र पाडलेल्यांपेक्षा चांगली राहिली. कोन पुन्हा उघडल्यावर काही निवडक डोळ्यांत कालव्यावर काम करता येते, परंतु तो पुढचा प्रश्न आहे.

उंबरठा

मधल्या काळात मी तपासण्या करून आले. कोन उघडा आहे. पण उजव्या डोळ्याच्या दृष्टिक्षेत्रात वरच्या अर्ध्या भागात मोठा डाग आहे आणि तो अगदी मध्याजवळ पोचला आहे. गेल्या चार तपासण्या शेजारी ठेवून डॉक्टरांनी मला तो कसा सरकत आला ते दाखवले. तीन थेंबांवरचा दाब १७ आहे. एवढ्या दाबावरही डाग पुढे सरकतो आहे, तेव्हा या डोळ्याला ११ ते १२ लागतील आणि कालव्याचा स्टेंट तिथपर्यंत नेणार नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांनी ट्रॅबेक्युलेक्टमी सुचवली आहे. डाव्या डोळ्याचे नुकसान मात्र अगदी सुरुवातीचे आहे. त्यात पुढे मोतीबिंदू वाढला तर स्टेंटचा विचार करू, असे ते म्हणाले. मी होकार दिला आहे, पण खरे सांगायचे तर रात्री झोप लागत नाही.

नेत्रपल्लवी

आपली झोप का उडाली असेल ते मी समजू शकते. पण आपल्या डॉक्टरांनी केलेला विचार मला अचूक वाटतो. मीही हेच सुचवले असते. प्रगत काचबिंदूच्या ४५३ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या टॅग्स या चाचणीत ट्रॅब केलेल्यांचा दाब २ वर्षांनी सरासरी १२.४ होता आणि थेंबांवर ठेवलेल्यांचा १५.१, आणि सुरक्षिततेच्या बाबतीत ट्रॅब मागे पडली नाही. मध्यापर्यंत पोचलेला डाग थांबवायचा असेल तर सौम्य शस्त्रक्रियेने वेळ दवडणे हाच मोठा धोका आहे.

पहिले सहा आठवडे आपल्याला वारंवार तपासणीला बोलावले जाईल. तेव्हा दाब पाहून टाके सैल केले जातात, आणि शस्त्रक्रियेचे निम्मे यश त्या भेटींत घडते. सोबत कोणीतरी ठेवा. डोळा चोळू नका, जड उचलू नका, नजर काही दिवस धूसर राहील हे धरून चाला. पुढे कितीही वर्षांनी डोळा लाल झाला, दुखू लागला, चिकट स्राव आला किंवा नजर एकाएकी मंदावली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हे वाक्य घरातल्या सर्वांना माहीत असू द्या.

सावलीचे झाड

उंबरठाताई, माझ्या दुसऱ्या डोळ्याची ट्रॅब गेल्या वर्षी झाली. पहिला महिना कष्टाचा गेला, तीनदा टाके सैल करावे लागले. आज त्या डोळ्याचा दाब १० आहे आणि नव्या डागाची नोंद नाही. पहिल्या आठवड्यातल्या थेंबांचे वेळापत्रक बरेच गुंतागुंतीचे असते, ते मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. मला त्याचा फार उपयोग झाला.

उंबरठा

आभार. वेळापत्रक नातीकडून लिहून घेते. शस्त्रक्रिया पुढच्या गुरुवारी आहे.